तिचाही तोटा दाखवा

प्रति,
बँका, शेअर बाजार, घोटाळे आणि 'मोठ्या पैशां'च्या गोष्टी पडद्यावर आणणारे निर्माते, लेखक आणि त्यांच्या कथांना होकार-नकार देणारे ओटीटीवाले

स.न.वि.वि.

"बाईच्या हातून सात कोटी गेले तर प्रेक्षक तिला माफ नाही करत हो, मॅडम." हे वाक्य तुमच्यापैकी एकाचं आहे. मला ते फोनवर ऐकवण्यात आलं, अगदी आदराने, आणि वर "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका" अशी पुस्तीही जोडली गेली. वाईट वाटून न घेणं मला जमलेलं नाही, म्हणून हे पत्र.

झालं ते असं. एका निर्मितीसंस्थेला मुंबईतल्या बँकेच्या ट्रेझरीवर, म्हणजे बँकेचा पैसा बाजारात गुंतवणाऱ्या विभागावर, वेबसीरिज करायची होती. नायिका बाँड डीलर, म्हणजे सरकारी कर्जरोख्यांची खरेदी-विक्री करणारी, रोज शेकडो कोटी फिरवणारी बाई. माझी नोकरीची बहुतेक वर्षं त्याच खुर्चीत गेली, म्हणून माहितीसाठी ते माझ्याकडे आले. त्यांचे दोन लेखक, पोरसवदा आणि हुशार, माझ्या ठाण्याच्या घरी येऊन बसायचे. यील्ड (रोख्यावर मिळणाऱ्या परताव्याचा दर) वर गेली की किंमत खाली का येते, इथपासून सुरुवात होती. पोहे खात खात पोरांनी ड्युरेशन, म्हणजे व्याजदर हलला की किंमत किती हलते याचं माप, शिकून घेतलं, मला कौतुकच वाटलं. मग बरेच दिवस काही कळलं नाही. आणि मग तो फोन आला. डीलर आता पुरुष झाला होता. बाईला कंप्लायन्समध्ये, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या विभागात, धाडलं होतं: प्रामाणिक, करारी आणि विधवा. त्याचा गैरव्यवहार ती शोधून काढणार. "स्ट्राँग कॅरेक्टर आहे मॅडम, उलट आधीपेक्षा जास्त स्ट्राँग झालंय."

संस्थेचं नाव घेत नाही, कारण तिने जगावेगळं काही केलेलं नाही. पैशाच्या दुनियेवर अलीकडे जे जे पडद्यावर आलं त्यातलं बरंच मी पाहिलंय, निवृत्त माणसाला वेळ असतो. त्यात एक अलिखित नियम मला स्वच्छ दिसतो. पैसा पकडणारी बाई चालते, पैसा लावणारी चालत नाही. पत्रकार चालते, ऑडिटर चालते, तपास अधिकारी चालते, फसवली गेलेली बायको तर धावतेच. पण स्वतःच्या डोक्याने पोझिशन घेणारी, कमावणारी आणि कधी सपाटून मार खाणारी बाई आली, की ती एक तर कुणाच्या तरी मेहेरबानीने वर चढलेली असते, नाहीतर शेवटच्या भागात तिला साक्षात्कार होतो की खरं सुख घरातच होतं.

माझा यात संबंध काय, तेही सांगते. बँकेच्या परीक्षा देऊन सरकारी बँकेत लागलेल्या पिढीतली मी. काउंटरवरून ट्रेझरीत गेले तेव्हा सौदे फोनवर होत आणि एसजीएलचे, म्हणजे रोखे एकाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात टाकण्याचे, फॉर्म हाताने भरले जात. २००५ मध्ये रिझर्व्ह बँकेची एनडीएस-ओएम ही पडद्यावरची सौदेपद्धत आली आणि समोर कोण आहे हेच दिसेनासं झालं. आम्हा बायकांचं त्याने फार भलं झालं. मॅडमचा आवाज ऐकून भावात एक-दोन पैसे इकडेतिकडे करणारे महाभाग होते, त्यांची गोची झाली. (भाव शंभर रुपयांमागे असतो, तेव्हा पाच कोटींच्या सौद्यात एक पैसा म्हणजे पाच हजार रुपये. एक पैसा हसण्यावारी नेऊ नये.) माझ्या हाताखाली तयार झालेल्या मुली आज बीकेसीत, फोर्टात, एखाद-दुसरी सिंगापुरात डेस्क सांभाळतात. त्यांतली एक ट्रेझरीत रुजू होणार होती तेव्हा तिच्या आईने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "तिथे तसलं काही नसतं ना हो?" त्या माउलीने आयुष्यात डीलिंग रूम पाहिली नव्हती. तुमच्या मालिका पाहिल्या होत्या.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार तोट्याची. त्या दोघा लेखकांना मी १५ जुलै २०१३ ची रात्र सांगितली होती. सोमवार होता. अमेरिकेच्या फेडने, तिथल्या मध्यवर्ती बँकेने, मे महिन्यात रोखेखरेदी आवरती घेण्याची भाषा केली, तेव्हापासून रुपया घसरत होता. त्या रात्री, बाजार बंद होऊन लोक घरी पोचल्यावर, रिझर्व्ह बँकेचं पत्रक आलं. मार्जिनल स्टँडिंग फॅसिलिटीचा, म्हणजे बँकांना अडीनडीला रिझर्व्ह बँकेकडून मिळणाऱ्या एका रात्रीच्या कर्जाचा, दर एका फटक्यात दोन टक्क्यांनी वाढवून १०.२५ केला होता, आणि बँकांना रेपोतून (रोखे तारण ठेवून) मिळणाऱ्या रोजच्या पैशालाही मर्यादा घातली होती. रुपया सावरायचा म्हणून पैसा महाग केला, आणि त्याचा सगळा मार रोख्यांवर येणार हे वाचतावाचताच कळत होतं.

आमच्या डेस्कवर एक मुलगी होती, बदलापूरहून यायची. दहा वर्षांच्या रोख्यात, ज्याला त्याच्या व्याजदरावरून बाजारात नुसतं '७.१६' म्हणत, तिची २०० कोटींची खरेदी उभी होती. रीतसर, तिच्या लिमिटच्या, म्हणजे बँकेने तिला आखून दिलेल्या रकमेच्या, आत, वरिष्ठांना माहीत असलेली. रात्री तिचा फोन आला. "मॅडम, वाचलंत?" मी "हो" म्हटलं. पुढे दोघींकडेही बोलण्यासारखं काही नव्हतं. बाजार सकाळी नऊला उघडणार, तोवर कुणालाच काही विकता येणार नव्हतं. हिशेब सोपा होता. अशा रोख्याची यील्ड अर्धा टक्का चढली की शंभर रुपयांमागे साधारण साडेतीन रुपये जातात. २०० कोटींवर ७ कोटी. तिने तो रात्रीच मांडला असणार. डेस्कवरच्या प्रत्येकाने आपापल्या घरी बसून मांडला होता.

सकाळी ती माझ्या आधी येऊन बसली होती. केस ओले, डबा टेबलाखाली. नऊ वाजले आणि पडद्यावर घेणारेच दिसेनात. उजवीकडे विकणाऱ्यांची रांग, डावीकडे सगळं मोकळं. मग बरीच खाली एक बोली उमटली, पाच कोटींची. तिने दिले, म्हणजे विकले. त्याहून खाली आणखी एक, तिथेही दिले. "दिले... दिले..." असं ती स्वतःशीच म्हणत होती, आवाज जराही न चढवता. साहेबांनी मागून दोनदा सुचवलं, थोडं थांब, दुपारपर्यंत सावरेल. तिने मान वळवली नाही. "सर, स्टॉप लॉस लागलाय." म्हणजे ठरवून दिलेली तोट्याची मर्यादा गाठली होती, आता विकणं भाग होतं. सगळा माल काढून झाल्यावर स्टॉप लॉस ओलांडल्याचा मेमो तिने स्वतः लिहिला, जोखमीवर नजर ठेवणाऱ्या मिड ऑफिसला स्वतः नेऊन दिला, आणि जेवणाच्या सुट्टीत डब्यातली भेंडी पुरती संपवली. मी बघत होते.

ऑगस्टमध्ये तीच यील्ड ९ टक्क्यांच्या पार गेली. साहेबांचं ऐकून ती थांबली असती तर तोटा तिपटीच्या घरात गेला असता.

हे ऐकताना त्या दोघा पोरांनी लिहिणं थांबवलं होतं. आणि नेमका हाच प्रसंग तुमच्या नव्या आवृत्तीत पुरुषाच्या वाट्याला गेला, कारण बाईचा तोटा म्हणे माफ होत नाही. माफी कशाबद्दल मागायची होती तिने? तिने चोरी केली नव्हती, काही लपवलं नव्हतं. बाजारात उभ्या असलेल्या माणसावर जे येतं ते तिच्यावर आलं आणि ते तिने ताठ मानेने निस्तरलं.

गंमत अशी, की हाच प्रेक्षक हर्षद मेहताला माफ करून मोकळा झालाय. १९९२ च्या त्या घोटाळ्यात जानकीरामन समितीने सुमारे ४,००० कोटींचा हिशेब मांडला होता. बँकांचा पैसा होता तो, म्हणजे ठेवीदारांचा. पण पडद्यावर त्या माणसाला काय ते संगीत, काय ते संवाद! लग्नाच्या हळदीत पोरं त्याचे डायलॉग मारतात. दुसऱ्याच्या हजारो कोटींशी खेळलेला पुरुष नायक होऊ शकतो, आणि स्वतःच्या लिमिटमध्ये राहून सात कोटी गमावणारी बाई पचत नाही, असं तुम्ही आम्हाला सांगता. प्रेक्षकांना विचारून सांगता का?

आमच्या बँकांमध्येही हेच होतं, नाही असं नाही. त्या दिवशी तिच्या शेजारच्या खुर्चीतल्या मुलाचाही जवळपास तेवढाच तोटा झाला. वर्षअखेरीला त्याच्या कागदावर लिहिलं गेलं, "बाजार प्रतिकूल होता". हिच्या कागदावर, "पोझिशनमध्ये भावनिक गुंतणूक दिसते". जी हात न थरथरता दर पायरीला खाली देत गेली, ती भावनिक! तुम्हाला बायकांवर मालिका करायची आहे ना? ती त्या दोन कागदांत आहे.

दुसरी तक्रार घराची. पैशाच्या धंद्यातली बाई दाखवली की तुम्ही दुसऱ्या भागापर्यंत तिचा संसार मोडता. नवरा दुरावतो, मुलगी वाया जाते, सासू टोमणे मारते. तिच्याच हुद्द्यावरच्या पुरुषाला पडद्यावर मूलबाळ आहे की नाही याचा पत्ताही लागत नाही. घराचा ताण नसतो असं मी म्हणत नाही. पण तो असतो कसा, ते येऊन बघा तरी. डीलिंग रूममध्ये मोबाइल न्यायची परवानगी नसते, आणि टेबलावरचे फोन सगळे रेकॉर्ड होतात. म्हणजे आमच्या पिढीचं घर त्या रेकॉर्ड होणाऱ्या फोनवर चाललं. एकदा ऑडिटला आलेला एक तरुण कानाला हेडफोन लावून गालातल्या गालात हसत होता. काय झालं विचारलं तर त्याने टेपच ऐकवली. माझ्याच आवाजात आधी, "पंचवीस घेतले, साठ पैसे." आणि लगेच पुढच्या कॉलवर, "कढीलिंब फ्रिजच्या मागच्या कप्प्यात आहे. आणि ताप मोजलात का?" आवाजाची पट्टी दोन्हीकडे एकच. त्या पोराला हसू आलं ते ठीक. तुमच्या लेखकांना त्यात नाट्य दिसत नसेल तर त्यांनी दुसरा धंदा बघावा, असं म्हणणार होते. पण त्या दोघांना दिसलं होतं. वरच्यांना दिसलं नाही.

आणि खरी जखम कुठे असते सांगू? बाळंतपणाच्या रजेनंतर. २०१७ पासून कायद्याने २६ आठवडे मिळतात, चांगली गोष्ट आहे. बाई परत येते, सगळे पेढे खातात, तिची खुर्ची तिथेच असते. फक्त तिचं बुक, म्हणजे ती सांभाळत असलेले सगळे सौदे, दुसऱ्याकडे गेलेलं असतं आणि तिची लिमिट "तूर्त" निम्मी केलेली असते. डीलिंग रूममध्ये माणसाची पत त्याच्या लिमिटवरून ठरते, पगारावरून नंतर. ती निम्मी झाली हे कुणी तोंडाने सांगत नाही. सकाळी सिस्टीममध्ये लॉगिन केल्यावर आकडा दिसतो. आरडाओरडा नाही, घटस्फोट नाही, खलनायक नाही. सगळे तिच्या भल्याचंच बोलत असतात. एका अख्ख्या भागाचा ऐवज आहे हा आणि आजवर कुणी त्याला हात लावलेला मी पाहिला नाही.

रिझर्व्ह बँकेचा आणखी एक नियम तुमच्या कामाचा आहे, फुकट देते. ट्रेझरीसारख्या संवेदनशील जागेवरच्या माणसाला वर्षातून एकदा, आगाऊ न कळवता, सलग किमान दहा कामाच्या दिवसांची सक्तीची रजा द्यावी लागते. तुम्ही घरी आणि तुमचं बुक दुसऱ्याच्या हातात. काही लपवलं असेल तर त्या दिवसांत वर येतं. आणि काही लपवलं नसेल तरीही पोटात गोळा येतोच. रहस्यकथेला याहून काय लागतं?

तिसरी तक्रार इतिहासाची. तुम्ही म्हणता, अशा बायका असतात कुठे, वास्तवाला धरून नको का? २०१४ च्या सुमाराला स्टेट बँक, आयसीआयसीआय, अ‍ॅक्सिस आणि राष्ट्रीय शेअर बाजार या चारही ठिकाणी सर्वोच्च खुर्चीवर बायका होत्या: अरुंधती भट्टाचार्य, चंदा कोचर, शिखा शर्मा, चित्रा रामकृष्ण. चारही ठिकाणं याच मुंबईत, तुमच्या अंधेरीच्या ऑफिसांपासून लोकलच्या अंतरावर. त्याआधी, सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली आणि जगभरचा पैसा गोठला, तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या चार डेप्युटी गव्हर्नरांपैकी दोन बायका होत्या, श्यामला गोपीनाथ आणि उषा थोरात. त्या ऑक्टोबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत रेपो दर ९ टक्क्यांवरून ४.७५ वर आणला गेला. त्या काळात फोर्टातल्या त्या उंच इमारतीत काय काय चर्चा झडल्या असतील, कोण कशाला अडून बसलं असेल! आम्ही खाली बसून पत्रकांची वाट बघायचो. एखाद्या लेखकाने त्यांपैकी कुणाचं दार वाजवलं असेल असं वाटत नाही.

ज्यांच्याकडे तुमचं लक्ष गेलं, त्यांच्यात तुम्हाला काय दिसलं? चित्रा रामकृष्ण यांचंच घ्या. सेबीच्या फेब्रुवारी २०२२ च्या आदेशात नमूद आहे की त्यांनी एका अज्ञात 'योगी'ला शेअर बाजाराची गोपनीय माहिती ईमेलवरून कळवली. गंभीर प्रकरण आहे, त्यावर जरूर लिहा, त्यांना कुणी सूट द्या म्हणत नाही. पण त्या आठवड्यात जो तो योगी, हिमालय आणि केसांच्या रचनेवर विनोद करत सुटला. याच बाई १९९२ नंतर राष्ट्रीय शेअर बाजार शून्यातून उभा करणाऱ्या अगदी सुरुवातीच्या मोजक्या चमूत होत्या. उपग्रहाच्या तबकड्या लावून गावोगावचे दलाल एका पडद्यावर आणायचे, दलाल स्ट्रीटच्या रिंगणातली शतकभराची मक्तेदारी मोडायची, असा तो उद्योग. नोव्हेंबर १९९४ मध्ये शेअरचे सौदे सुरू झाले आणि वर्षभरात उलाढालीत त्यांनी मुंबई शेअर बाजाराला मागे टाकलं. एवढं उभं करणारी व्यक्ती पुढे अशी कशी वागते, एवढ्या मोठ्या संस्थेत तिला प्रश्न विचारायला कुणी कसं नव्हतं, हा खरा नाटकाचा प्रश्न. शेक्सपिअरला हे मिळतं तर त्याने सोडलं असतं का?

पत्रकार सुचेता दलाल यांचं काम तुम्ही दाखवलंत, योग्यच केलंत. २३ एप्रिल १९९२ च्या टाइम्स ऑफ इंडियातली त्यांची ती घोटाळा उघड करणारी बातमी आम्ही ऑफिसात उभ्याने वाचली होती. पण पैशाच्या जगातली बाई म्हणून एवढं एकच रूप पुरे, असं तुम्ही त्यानंतर ठरवून टाकलेलं दिसतं.

चौथी तक्रार लहान आहे, भराभरा सांगते. २०१८ सालच्या डीलिंग रूममध्ये माणसं उभी राहून "बेचो, बेचो" ओरडत नाहीत. तो आरडाओरडा शेअर बाजाराच्या रिंगणात होता आणि १९९५ मध्ये संगणक आल्यावर संपला. डीलर काचेच्या भिंतीपाशी मोबाइलवर बोलत शतपावली करत नाही, कारण वर सांगितलं तसं, मोबाइल बाहेर लॉकरमध्ये असतो. बाँडच्या पडद्यावर तुम्ही शेअरचा आलेख दाखवता. आणि त्या उंच टाचांच्या चपला! खाली ठेवलेल्या साध्या सँडल प्रत्येकीच्या टेबलाखाली सापडतील.

पाचवी लहान नाही. लैंगिक छळ. तो आमच्या क्षेत्रात आहे आणि दाखवलाच पाहिजे. पण तुम्ही तो मसाल्यासारखा वापरता. प्रसंग खुलवून चित्रित करायचा, नंतर बाईने टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर गौप्यस्फोट करायचा, टाळ्या. मधलं सगळं गायब. २०१३ चा कायदा आहे. तीन महिन्यांत तक्रार, अंतर्गत समितीच्या अध्यक्षस्थानी वरिष्ठ महिला, एक सदस्य संस्थेबाहेरचा, नव्वद दिवसांत चौकशी. त्या नव्वद दिवसांत तक्रारदार बाई रोज त्याच मजल्यावर, त्याच लिफ्टने येते-जाते. कँटीनमध्ये तिच्या टेबलाशी कोण बसतं आणि कोण ट्रे उचलून पलीकडे जातं, ते मी पाहिलेलं आहे. तुमच्या मालिका बघणाऱ्या मुलीला एवढं तरी कळू द्या की अशी समिती असते, तिच्याकडे कसं जायचं असतं, आणि बाहेरचा सदस्य कशासाठी असतो.

मराठी निर्मात्यांशी दोन शब्द वेगळे. हिंदीवाल्यांचं निदान बजेट तरी मोठं आहे. तुमच्या मालिकांत पैसा म्हणजे वाड्याची वाटणी आणि तिजोरीची किल्ली. मराठी बाई बँकेत दिसली तर पासबुक छापून देताना. अहो, मुंबईतल्या बँकांच्या ट्रेझरीत, बॅक ऑफिसपासून डेस्कपर्यंत, डोंबिवली-ठाणे-बोरिवलीच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या बसल्या आहेत. आणि मोठा पैसा म्हणजे फक्त कोटीच असं कुणी सांगितलं? १९९७ मध्ये माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला होता, कारण बँक काढायला निघालेल्या बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या अक्षरं गिरवून पुन्हा मुंबईला आल्या. बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हा यांनी हा प्रसंग जाहीरपणे सांगितलाय: बायका अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज आम्हाला विचारा, आणि तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा, बघू कोण आधी सांगतं. दुष्काळी भागातल्या बायका, मुंबईतलं रिझर्व्ह बँकेचं ऑफिस आणि तोंडी व्याजाचा सामना. याच्यावर एक दोन अंकी नाटक होत नाही?

"प्रेक्षकांना हे किचकट कळत नाही" हे उत्तर आता चालणार नाही. २०२० मध्ये हर्षद मेहतावरची 'स्कॅम १९९२' ही मालिका आली तेव्हा घरोघरी लोक त्या घोटाळ्यातल्या बँक रिसीट आणि रेडी फॉरवर्डवर तावातावाने बोलत होते. आमच्या सोसायटीच्या वॉचमनलाही कळलं होतं. समजावणारा नीट असला की कळतं.

तर मागण्या. फार नाहीत.

पैशाचे निर्णय घेणारी बाई दाखवायची असेल तर तिचा निर्णय पडद्यावर दाखवा. तिने काय पाहिलं, काय ताडलं, किती लावलं. ती फोनवर बोलतेय आणि मागून संगीत वाजतंय, याला काम करणं म्हणत नाहीत.

तिला तोटा होऊ द्या. चुकू द्या, बरोबर ठरू द्या, हावरटही असू द्या. आणि त्याचं खापर नवऱ्यावर, प्रियकरावर किंवा बालपणावर फोडू नका. पुरुषाच्या तोट्याला जेवढी मिनिटं आणि जेवढी सहानुभूती देता, तेवढी तिच्या तोट्याला द्या.

तिच्या घराचं काय झालं हे विचारायचं असेल तर त्याच मालिकेतल्या पुरुष बॉसच्या घराचंही विचारा. नाहीतर दोघांचंही सोडा.

डेस्कवर काम केलेलं एखादं माणूस शेवटच्या मसुद्यापर्यंत सोबत ठेवा, केवळ सुरुवातीला पोहे खायला नको. मानधन द्या, श्रेयनामावलीत नाव द्या, आणि पात्र बदलायचं ठरलं तर त्याला आधी विचारा. नंतर फोन करून सांत्वन नको.

कथांना होकार-नकार देणाऱ्या ओटीटीवाल्यांनी एवढं करावं: "बाई डीलर प्रेक्षकांना चालत नाही" हे ज्या अभ्यासावरून ठरवता, तो प्रसिद्ध करा. आकडे वाचता येतात आम्हाला. तसा अभ्यासच नसेल तर तेही सांगून टाका, म्हणजे पुढच्या लेखकाला नकार देताना निदान प्रेक्षकांचं नाव घेता येणार नाही.

आणि ज्या संस्थेकडून मला तो फोन आला तिला एक खास विनंती. माझं मानधन मला मिळालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझ्या टिपणांची निळ्या पुठ्ठ्याची वही अजून तुमच्याकडे आहे. त्यात १५ आणि १६ जुलैची पानं आहेत. पुरुषाचीच गोष्ट करायची असेल तर खुशाल करा, मात्र ती पानं त्याच्यासाठी वापरू नका. वही कुरिअरने परत पाठवा. डेस्कवर बाईला बसवायला जो कुणी तयार असेल त्याला ती मी एक पैसा न घेता देईन, आणि यील्डचा धडा पहिल्यापासून पुन्हा घेईन.

आपली,
एक माजी बाँड डीलर
ठाणे